पांदणीवरची डगाल

"हात नको लावू तिले. डगाल मी टाकली, मीच उचलीन."

रंजीता वाकली होती, ती तशीच थांबली. सायकल तिनं मांडीला टेकवून धरली होती. "उचलून नोती राह्यली, मुखरूभाऊ. पाहून राह्यली होती. पानं ओली हायेत जी हिची. आजचीच दिसते."

"कालची."

"म्हंजे वाळली का बदलता तुमी?"

"वाळली का लोकायच्या ध्यानात येत नाई."

"पन अस्वल तं चैतातच गेली न जी."

 बगळी नावाची पांढरी गाय उगाच तुरीच्या कुंपणाकडं तोंड करत होती, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मुखरू तिच्याकडं गेला. त्या दिवशी बगळीला जरा जास्तच शिव्या बसल्या.

करंजबोडीच्या शिवेवर मुरमाचा रस्ता फुटतो. एक वाट डांबरीला जाऊन मिळते, एक पायवाट तळ्याकडं वळते. तिसरी पांदण धरून मोहाच्या झाडांखालून वावरांत उतरते आणि तिथून टेकडीच्या पायथ्यानं पार सागाच्या प्लॉटपर्यंत जाते. त्या पांदणीच्या तोंडाशी पळसाची एक डगाल, पानासकटची फांदी, आडवी पडलेली होती. परक्याला वाटेल, वाऱ्यानं पडली. तिकडच्या माणसाला तसं वाटत नाही. पुढं गेलेल्याला वाटेत काही दिसलं, अस्वल म्हणा, वाघानं पाडलेलं जनावर म्हणा, फुटलेला बांध म्हणा, की तो मागून येणाऱ्यांसाठी वाटेच्या तोंडाशी हिरवी डगाल टाकून ठेवतो. इकून नको, एवढंच तिचं म्हणणं. आणि ज्यानं टाकली त्यानंच ती उचलायची. दुसऱ्यानं उचलली अन् मागून काही झालं, तर त्याचा धनी कोण? म्हणून तिला कोणी हात लावत नाही. सरपंच लावत नाही, जंगलखात्याचा गार्डसुद्धा मोटरसायकल वळवून दुसऱ्या वाटेनं जातो.

ही डगाल चैतापासून तिथं होती. आता पूस, पौष महिना, लागला होता. मधल्या काळात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकून झाले, रोवणी झाली, धान कापून चुरून घरात आलं, आणि डगाल जागची हलली नाही. वाळली की मुखरू नवी तोडून टाकायचा.

मुखरू गावचा गायकी. सकाळी आखरावर गावभराची ढोरं गोळा करायची, जंगलात न्यायची, सांजच्याला ज्याचं त्याच्या दारात परत आणायची, हे त्याचं काम. त्याचा बाप हेच करायचा. वर्षाला घरटी धान ठरलेलं, आणि पोळ्याला एक धोतर, जे हल्ली लुंगीवर आलं होतं. माणूस बोलायला कमी. गायींशी मात्र दिवसभर बोलायचा, तेही असं की बायामाणसांनी कानावर पदर घ्यावा. गायकी सगळ्यांच्या आधी रानात जातो, म्हणून वाट पाहण्याचं कामही त्याच्याचकडं असतं. त्यानं डगाल टाकली की गाव वळलं. त्याच्या डगालीवर कोणी शंका घेतल्याचं कोणाच्या आठवणीत नाही.

पोरगा एकच, निकेश. तो ढोरांच्या मागंच वाढला. शाळा सुटली की दप्तर कमळाच्या, म्हणजे आईच्या, अंगावर फेकून बापाला गाठायला रानात. कोणती वाट कुठी निघते, कोणत्या बोडीची, लहान तळ्याची, पाळ पावसात धसते, मोह कोणत्या वळणावर आधी टपकतो, हे त्याला पाठ्यपुस्तकाच्या आधी पाठ झालं. पुढं चंद्रपूरला एका सायकलच्या दुकानात कामाला लागला आणि एका उन्हाळ्यात रुंद टायरांची, म्हशीच्या शिंगासारख्या वाकड्या हँडलची जुनी सायकल घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, ही डांबरीसाठी नाई, मुरमासाठी हाय. मुखरूनं तिला एकदा गोल फिरून पाहिलं, जसं बाजारात गोऱ्ह्याला पाहतात. टायर दाबला. म्हणाला, "शेन देते का?"

गाव आठ दिवस त्यावर हसलं.

पण निकेशनं त्या सायकलीवरून एक रस्ता काढला. मूल गावाच्या बाजूनं यायचं, तिथल्या तलावाच्या पाळीवरून, धानाच्या बांध्यांमधल्या पांदणीनं, बांबूच्या रांजीतून टेकडी चढायची, मोहाच्या बनातून करंजबोडीत उतरायचं, कमळाच्या हातचा भात अन् लाखोळीची भाजी खायची आणि फाट्यावरच्या पांदणीनं सागाच्या प्लॉटमधून परत. डांबरीला कुठंच पाय लावायचा नाही. डांबरीवर दगड भरलेले ट्रक असे धावायचे की रस्त्याकडेची बाभळीची झाडं बारा महिने लाल धुळीनं रंगलेली. निकेश येणाऱ्यांना सांगायचा, वाघ पाहाचा असन तं मोहर्लीले जा, जिप्सीत बसा. आमच्या इथी रस्ता पाहाचा. आणि लोक यायचे. नागपूरचे, चंद्रपूरचे, एकदा तर नाशिकचा एकजण आला. तो जेवताना सांगत होता की त्यांच्याकडं द्राक्षांच्या मळ्यांतून सायकली फिरवतात आणि शेवटी द्राक्षाची दारू चाखायला देतात. निकेश म्हणाला, "आमच्याइथी द्राक्ष नाई, मोह हाय जी. तुमाले द्राक्ष पिळा लागते. आमचा मोह सोताच टपकते." तेव्हा मुखरू तोंडातला घास बाहेर येईपर्यंत हसला. पोराच्या पाहुण्यांसमोर तो तेवढाच एकदा मोकळा झाला.

रस्ता निकेशनं काढला असं सगळे म्हणायचे. निकेश म्हणायचा, मी नाई काढला, बाबाच्या ढोरायनं काढला. मी त्यायच्या मांगं मांगं गेलो. मुखरू ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि रात्री कमळाला विचारायचा, काय म्हने तो, ढोरायनं काढला म्हने?

निकेश नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालवायचा. कोणाचा टायर बसला, कोणाचा दम गेला, तर मागं आपला माणूस पाहिजे. गायकीही कळपाच्या मागंच चालतो. पुढून ढोरं हाकता येत नाहीत.

चैतातली गोष्ट. मोह टपकायला लागला होता. एका सकाळी मुखरूला पांदणीच्या वळणावर अस्वल दिसली, पोटाशी दोन पिल्लं, खाली वाकून फुलं हुंगत. पिलाची अस्वल वाघाहून वाईट. त्यानं ढोरं तळ्याकडं वळवली आणि फाट्यावर डगाल टाकली. दुपारी त्याच अस्वलीला टेकडी चढून पल्याड जाताना त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. सांजच्याला परतताना डगाल उचलायची, रोजचंच. पण बिरजूची कालवड त्या दिवशी रानातच व्याली, पहिलटकरीण, फार तडफडली. ओलं वासरू खांद्यावर घेऊन मुखरू जवळच्या वाटेनं, तळ्याच्या पाळीवरून थेट गावात उतरून, घरी आला. बिरजूच्या घरी वासराला पुसण्यात, चीक काढण्यात संध्याकाळ गेली. फाटा वाटेत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे राखुंडीनं दात घासता घासता त्याला आठवलं. "आयला, डगाल राह्यली पांदनीवर," तो आपल्याशीच बोलला. मग चूळ भरली. "जातोच हावो ढोरं घेऊन. उचलतो."

निकेश रात्री मुक्कामाला आला होता. तो दारापुढच्या चपरीत झोपला असेल असं मुखरूला वाटलं. पण तो अंधारातच सायकल काढून गेला होता. रविवारी लोक येणार होते, त्याआधी रस्ता पाहून यायचा म्हणून. फाट्यावर त्याला डगाल दिसली. कालची होती, पण पळसाची पानं एका रात्रीत मरत नाहीत. बापाची डगाल. तो वळला आणि डांबरीला लागला.

ट्रकवाला थांबला नाही.

मुखरू आखरावर ढोरं मोजत होता तेव्हा बिरजू धावत आला. बिरजू काय बोलला ते मुखरूला नंतर कधी आठवलं नाही. बिरजूच्या हाताला चिकाचा वास येत होता, तेवढं आठवलं.

गावानं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. डगाल फाट्यावर पडलेली सगळ्यांनी पाहिली होती. अस्वल गेल्याचंही लोकांना कळलं होतं. जो तो काय समजायचं ते समजला आणि गप्प राहिला. तेरवी झाल्यावर मुखरू फाट्यावर गेला, डगाल उचलायलाच गेला होता. पानं वाळून तपकिरी झाली होती, हात लावला तर चुरा झाला. तो उभा राहिला. ही उचलली म्हणजे वाट मोकळी झाली. म्हणजे ती त्या दिवशीही मोकळीच होती. पोरगा विनाकारण वळला. पण डगाल असली तर वाट बंद आहे आणि पोरानं बरोबर केलं, बापानं शिकवलं तसं केलं. मुखरूनं कुऱ्हाड काढली, बाजूच्या पळसाची नवी डगाल तोडली आणि जुनीच्या जागी टाकली. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटलं नाही.

तर आता पुसात रंजीता आली होती. ती मूलची, दातांच्या दवाखान्यात कामाला, निकेशसोबत सायकल चालवणाऱ्यांतली पहिली. निकेशसोबत तिचं आणखी काही होतं का, हे कमळानं तिला कधी विचारलं नाही, पण ती आली की ताटात भाताचा एक डाव जास्त पडायचा. त्या सांजेला मुखरू ढोरं सोडून घरी आला तेव्हा ती अंगणात कमळाजवळ बसून लाखोळीची पानं निवडत होती. निकेशची सायकल चपरीच्या आढ्याला उलटी टांगलेली होती. पुढचं चाक वाकडं. तिच्याकडं तिघंही पाहत नव्हती.

रंजीतानं सगळं नीट सांगितलं. थंडी पडली, लोक विचारून राह्यले, निकेशच्या रस्त्यानं या रविवारी सगळ्यांना जायचं आहे. त्याचं नाव देणार नाहीत, फोटो लावणार नाहीत, भाषण करणार नाहीत, फक्त जातील. पण पांदण बंद असेल तर तेवढा तुकडा डांबरीनं जावं लागतं, आणि डांबरीनं ती कोणाला नेणार नाही. मग रस्ताच बंद करायचा. ती मागत नव्हती, विचारत होती. तिच्या सोबतचा एकजण म्हणाला होता, अरे फांदीच आहे ना, बाजूला करू. त्याच्याशी तिनं आठवडाभर बोलणं सोडलं होतं.

"तं बंद करा," मुखरू म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

रंजीतानं भाजीचा पाला खाली ठेवला, कमळाच्या पाया पडली आणि उजेड होता तोवर निघाली. जाताना ती फाट्यावरून तळ्याला वळसा घालणाऱ्या लांब वाटेनं वळताना दिसली.

कमळा मग भाजी धुवायला बसली. मुखरूकडं तिची पाठ होती.

"अजी," ती म्हणाली, "गावातल्या बाया वावरात कोनत्या रस्त्यानं जाते, ठावं हाय का तुमाले?"

"पाळीवरून."

"पाळ पावसातच फुटली. रोवनीच्या आधी."

मुखरू तळ्याच्या अलीकडूनच ढोरं जंगलात वळवायचा. फुटलेल्या जागेपर्यंत तो त्या बाजूला गेलाच नव्हता.

"मंग कुठून जाते?"

"कुठून जाईन? डांबरीनं. गुनाबाई जाते, बायनाबाई जाते, मी जातो. रोवनीत ट्रक असा आंगावरून गेला का डोक्यावरचा पऱ्ह्याचा भारा उडून नालीत पडला. गुनाबाई बी पडली भाऱ्यासंगं. तिचं ढोपर अजून सुजते."

"कोनी सांगतलं नाई मले."

"कोन सांगन? तुमच्यासमोर पांदनीचं नाव कोन काढन?"

"तू सांगा लागत होतं."

कमळानं पाणी फेकलं. कोंबड्या त्यावर धावल्या. "मले वाटे, तुमी उचलान. आज उचलान, उद्या उचलान." तिनं भाजी निथळायला ठेवली. "त्या दिवशी बी तुमी म्हनलं होतं. जातोच हावो, उचलतो. मी चुलीपाशी होतो. आयकलं होतं मी."

मुखरू खाटेवर बसला होता.  एवढ्या महिन्यांत त्याला वाटत होतं की ते वाक्य फक्त त्याला ठाऊक आहे. रोज सकाळी राखुंडी तोंडात घातली की ते जिभेवर यायचं, आणि चुलीपाशी ही बसलेली असायची. भाकर टाकायची, चहा द्यायची. हिनं ते ऐकलेलं होतं आणि रोज चहा दिला होता.

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? पोरगा तुमचा बी होता न जी."

तिनं भाजी चुलीवर टाकली. जेवणं झाली. भाजीत मीठ पडलंच नव्हतं, आणि दोघांनीही ती तशीच खाल्ली.

रविवारी उजाडता उजाडता मुखरू आखरावर न जाता आधी फाट्यावर गेला. डगालीला लगेच हात लावला नाही. ती ओलांडून पांदणीत शिरला. वाट आधी पाहायची, मग उघडायची, यात बदल नाही. आठ-नऊ महिन्यांत पांदण माजली होती. दोन्ही बाजूंनी तरोटा वाळून उभा, मुरमात गवत, मधेच कोळ्यांची जाळी, तीही कोणी न तोडलेली. ती त्यानं काठीनं बाजूला केली. वळणावर मोहाखाली थांबला. खूर पाहिले. चितळाचे, रानडुकराचे, एका जागी उकरलेलं वारूळ, पण जुनं. शेवटच्या वावरापर्यंत जाऊन आला. परतताना चालणं जड झालं, कारण आता पाहायचं काही उरलं नव्हतं.

डगाल त्यानं दोन हातांनी उचलली. हलकी होती. त्याला उगाच वाटलं होतं जड असेल. ती फेकायची नसते. वाटेबाहेर, झाडाच्या बुंध्याला टेकवून उभी ठेवायची, म्हणजे येणाऱ्याला कळतं की टाकणाऱ्यानंच उचलली. त्यानं ती मोहाच्या बुंध्याला टेकवली. घसरली. परत टेकवली.

कमळानं बिरजूच्या फोनवरून रंजीताला रात्रीच, आपल्याच भरवशावर, 'या' म्हणून कळवलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं जेव्हा टेकडीच्या अंगानं पहिली सायकल उतरली आणि पांदणीत शिरली. मग दुसरी, मग रंगीबेरंगी टोप्यांची माळच. मुरूम टायरांखाली कराकरा वाजत होता. काही जणांनी हात जोडले, काहींना तो कोण तेही ठाऊक नव्हतं, एक जाडा माणूस "अजून चढ आहे का हो?" असं विचारत गेला. मुखरू म्हणाला, आता उतारच हाय. तो माणूस इतका खूश झाला की सायकलवरून पडता पडता वाचला.

सगळ्यांच्या शेवटी रंजीता होती. ती डगालीच्या जागेशी थांबली, मोहाला टेकलेली डगाल तिनं पाहिली.  मुखरूनं विचारलं, "मांगं कोनी राह्यलं नाई न?"

"नाई, भाऊ. शेवटली मीच."

"मंग जाय. त्यायले एकटं नको सोडू."

ती गेली. वळणावर तिची पाठ मोहाआड दिसेनाशी झाली. मुखरू मात्र टेकडीकडं तोंड करून उभा राहिला, जिकडून सगळे आले होते. वाट रिकामी होती. धूळ बसली. एक कोतवाल पक्षी तारेवर येऊन बसला आणि उडाला. शेवटची गेली हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी तो उभा होता.

गावाकडून हाका ऐकू आल्या. आखरावर ढोरं दाटली होती, गायकी कुठी मेला म्हणून बायनाबाई बोंबलत होती आणि बोलल्यावर तिनंच जीभ चावली असणार, कारण हाक अर्ध्यात तुटली. मुखरू झपाझप गेला, ढोरं सोडवली, हाकत फाट्यापर्यंत आणली. मुरमात टायरांचे माग एकमेकांत गुंतून पांदणीत गेले होते. त्यावर अजून कोणाचं पाऊल नव्हतं. त्याला ढोरं क्षणभर थोपवावीशी वाटली. पण ढोरं काही थोपून राहत नाहीत.

बगळी पुढं होती. फाट्यावर येऊन ती सवयीनं तळ्याच्या वाटेला वळली, आणि बाकीची तिच्या मागं वळायला लागली.

मुखरूनं धावत जाऊन तिच्या तोंडासमोर काठी आडवी धरली.

"इकून नाई," तो तिला म्हणाला. "आता तिकून चाल. पांदनीनं."

बगळीनं मान हलवली, पांदणीकडं पाहिलं आणि खाली वाकून टायराच्या मागाचा वास घेतला. मुखरूनं तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, एक सणसणीत शिवी घातली, आणि कळप आत शिरल्यावर सगळ्यांच्या मागून चालू लागला.